गाडगेबाबांच्या घरांतील दारू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलें हल्लीं महाविद्यालयाची पदवी घेतात, तेव्हां त्या पदवीपत्रावर गाडगेबाबांचें नांव असतें. कारण अमरावतीचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें चालतें. परंतु ज्या दारूनें त्यांचें बाळपण होरपळलें तिची हकीकत आमच्या खेड्यांतील वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. बाबा आमच्या मंडळींपैकीं नव्हते. तरी ज्यांच्या घरांत हें व्यसन शिरलें आहे त्यांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

त्यांचें मूळचें नांव डेबूजी. जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, परिटाच्या घरीं. वडिलांचें नांव झिंगराजी जाणोरकर. त्या काळीं देवकार्य असो, बारसें असो, जातीच्या पंगतींत मटण व दारू लागतच; जो न देई तो हलका ठरे. अशा रिवाजांतच झिंगराजींस व्यसन जडलें व त्यानेंच त्यांचा अंत झाला. डेबू तेव्हां सुमारें आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात कीं, अखेरीस त्यांचे डोळे उघडले, व पोराला ह्या नादापासून दूर ठेव, असें त्यांनीं पत्नी सखूबाईंस विनविलें.

सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापुराजवळील दापुरें येथें माहेरीं गेल्या. तेथें डेबूजी गुरें राखून, नांगर धरून वाढले, आणि सावकाराच्या कर्जाचा फास त्यांनीं जवळून पाहिला. पुढें लग्न झालें, मुलगी झाली, आणि बारशाचा दिवस आला. भाऊबंद नेहमींच्या आशेनें जमले. डेबूजींनीं दारू आणली नाहीं, बकरें कापलें नाहीं. गोडाचें जेवण वाढलें. जातभाई रागावले, तरी ते ढळले नाहींत.

त्यांनीं पुढें बांधलेल्या सर्व धर्मशाळांहून आम्हांस हें बारसें मोठें वाटतें. परगांवीं उपदेश करणें सोपें आहे. आपल्या मांडवांत, आपल्या मामा-मेव्हण्यांसमोर नाहीं म्हणणें कठीण. आमच्याच लोकांच्या एका लग्नांत घरामागें बाटली फिरत होती, आणि आम्ही पाळक असून ताटाकडे पाहत मुकाट्यानें जेवलों. ज्यानें महिन्यापूर्वीं दारू सोडली होती तो भाऊ त्याच रात्रीं पुन्हां प्याला. त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं डेबूजींनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातांत खराटा आणि फुटक्या मडक्याचें गाडगें. दिवसा गांव झाडावें, रात्रीं कीर्तन करावें. कीर्तनांत ते प्रश्न विचारीत व लोकांच्याच तोंडून उत्तर घेत. दारू, ऋण काढून केलेले सण, आणि शाळेवांचून राहिलेला मुलगा, हीं एकाच दुखण्याचीं अंगें आहेत, हें ते अडाण्यासही पटवीत. जमलेल्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या.

येथें उपदेशक बंधूंस एक सांगणें आहे. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली तर हात कांपतात, कधीं झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊं शकतो. अशा मनुष्यास नुसती शपथ घालून घरीं बसवूं नये. प्रथम डॉक्टरांकडे न्यावें, व तो परत आल्यावर त्याच्या घरीं वारंवार जावें. तो पुन्हां पडला तरी जाणें सोडूं नये.

झिंगराजींस असें कोणी मिळालें नाहीं. त्यांच्याजवळ पत्नी होती, आणि तिनें त्यांचा शब्द राखला. ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीनजीक प्रवासांतच बाबांचा अंत झाला. वय ८० वर्षांचें होतें. वडिलांच्या त्या विनवणीस तेव्हां सत्तरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.