केडगावच्या पंडिता रमाबाई

आज मी तुम्हांला पंडिता रमाबाईंचं चरित्र थोडक्यात सांगणार आहे. त्यांनी विधवा आणि अनाथ मुलींना आसरा दिला, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्यांच्या स्वतःच्या वाट्याला किती दुःख आलं, आणि ते सोसून त्यांनी आपला विश्वास कसा सांभाळला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये अशी तेव्हाची रीत होती. शास्त्रीबुवांनी ती मोडली आणि आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं. पुढं लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते.

पण घरात गरिबी आली. सगळं कुटुंब पुराण सांगत, तीर्थं करत पायी फिरू लागलं. अशातच दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. खायला दाणा नाही. झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढले. वडील गेले, मागोमाग आई गेली, नंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत पार पंजाबपर्यंत गेली. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, म्हणून दोघं वाळूत खड्डे करून त्यांत निजली आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. हे मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला.

1878 साली ती भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमेची विद्वत्ता पाहून तिला पंडिता ही पदवी दिली. आता बरे दिवस आले असं वाटतंय, तोच 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मनोरमा नावाची मुलगी झाली. ती वर्षाचीही नव्हती, तेव्हा 1882 मध्ये पती पटकीनं गेले. रमाबाईंचं वय तेव्हा पुरतं चोवीसही नव्हतं!

त्या पुण्याला आल्या. तिथं त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुस्तक लिहून, ते विकून आलेल्या पैशांत 1883 साली लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण कानांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे तेही राहिलं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळतात हे त्यांनी पाहिलं. येशूनं शोमरोनी बाईला कमी लेखलं नाही, ही बायबलातली गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पोशाख आणि शाकाहार आपलाच ठेवला. पटत नसेल तिथं तिथल्या धर्मगुरूंशीही त्यांनी वाद घातला.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई इथंच शिकल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि काही मुली आपण होऊन तिथं बसत. यावरून 1893 मध्ये पुण्यात गदारोळ झाला. सल्लागार मंडळीनं अंग काढून घेतलं. पुष्कळ पालकांनी मुली घरी नेल्या. एवढी खटपट करून उभारलेलं काम मोडतं की काय, अशी वेळ आली. पण रमाबाईंनी ना प्रार्थना सोडली, ना मुलींना सोडलं.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. माझी आजी 1972 चा दुष्काळ सांगते. ती खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढायची. म्हणून आमच्या घरात आजही कुणी ताटात भाकरीचा तुकडा टाकत नाही. भूक सोसलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक कळते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. तेच मुक्तिसदन. 1900 च्या दुष्काळानंतर तर मुलींची संख्या हजाराच्या वर गेली. मुली शेती, विणकाम, शिवण, छपाई शिकल्या. आंधळ्या मुली ब्रेल शिकल्या.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. साध्या बाईलाही समजावं हा हेतू. हे काम कितीतरी वर्षं चाललं. अशात 1921 मध्ये त्यांची मनोरमा गेली. शाळेचं काम सांभाळणारी, आईचा उजवा हात असलेली एकुलती एक लेक! म्हातारपणी एवढा घाव बसूनही रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या देवाघरी गेल्या. ते बायबल 1924 साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झालं. 1989 साली भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. केडगावची संस्था आजही चालू आहे.

मला वाटायचं, देवावर विश्वास असला की दुःख येत नाही. पण रमाबाईंना बाप्तिस्म्याच्या आधीही दुःख होतं आणि नंतरही होतं. त्यांचा विश्वास त्यांच्या कामात दिसतो. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईनं हजारोंना जेवू घातलं, आणि आईबापांना मुकलेल्या बाईनं पोरक्या मुलींना आईची माया दिली. आपला धर्म कोणताही असो, आपल्या वर्गात कुणाच्या घरी दुःख झालं, तर त्याच्याशेजारी जाऊन बसणं आपल्याला नक्की जमेल.

पंडिता रमाबाईंना माझे विनम्र अभिवादन!