मोरिहेई उएशिबा

मोरिहेई उएशिबा (१४ डिसेंबर, १८८३ – २६ एप्रिल, १९६९) हे जपानी युद्धकलातज्ज्ञ आणि आयकिदो (मराठीत आयकिडो असेही लिहितात) या युद्धकलेचे संस्थापक होते. आयकिदोचे साधक त्यांना ओ-सेन्सेई, म्हणजे थोर गुरू, या नावाने ओळखतात. आयकिदोच्या सरावात आज जगभर वापरली जाणारी जपानी परिभाषा त्यांच्या परंपरेतून आली आहे.

सुरुवातीचे जीवन

उएशिबांचा जन्म वाकायामा प्रांतातील तानाबे येथे एका जमीनदार कुटुंबात झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. त्यांचे आरंभीचे शिक्षण शिंगोन या बौद्ध पंथाच्या मंदिरात झाले. या पंथात संस्कृत मंत्रांना मोठे स्थान असल्याने नादाविषयीची त्यांची आयुष्यभराची ओढ येथूनच सुरू झाली असे मानतात. उंची कमी पडल्याने सैन्याने त्यांना प्रथम नाकारले. त्यांनी चिकाटीने प्रवेश मिळवला आणि रशिया-जपान युद्धात भाग घेतला.

१९१२ साली ते वसाहतकारांच्या एका गटाचे नेतृत्व करत होक्काइदो बेटावरील शिराताकी येथे गेले. तेथे १९१५ मध्ये त्यांची भेट दाइतो-र्यू या जुजुत्सू शाखेचे कडक शिस्तीचे गुरू ताकेदा सोकाकू यांच्याशी झाली. आयकिदोतील बहुतेक डावांचे मूळ या शिक्षणात आहे.

ओमोतो पंथ

१९१९ मध्ये वडिलांच्या आजारपणाची बातमी मिळताच उएशिबांनी होक्काइदो सोडले. पण वाटेत ते आयाबे येथे ओमोतो पंथाचे प्रमुख ओनिसाबुरो देगुची यांच्याकडे थांबले. ते घरी पोहोचण्यापूर्वीच वडिलांचे निधन झाले होते. १९२० मध्ये ते आयाबेला स्थायिक झाले. त्याच वर्षी त्यांची दोन मुले आजाराने दगावली. १९२४ मध्ये देगुचींसोबत धर्मराज्य स्थापण्याच्या मोहिमेवर ते मंगोलियाला गेले. तेथे चिनी सैन्याने त्यांना पकडले आणि मृत्युदंड अगदी थोडक्यात टळला. पुढच्या वर्षी आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर युद्धकलेचे सार प्रतिस्पर्ध्याचा नाश करण्यात नसून त्याच्याशी जुळवून घेण्यात आहे, असे ते मानू लागले.

तोक्यो आणि युद्धकाळ

१९२७ मध्ये ते तोक्योला आले आणि १९३१ मध्ये त्यांचा कोबुकान डोजो सुरू झाला. जुदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांचे प्रात्यक्षिक पाहून आपले काही विद्यार्थी त्यांच्याकडे पाठवले. याच काळात ते लष्कर व नौदलाच्या संस्थांतही शिकवत होते. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत हा भाग त्रोटक येतो, पण शांततेचा पुरस्कार करणाऱ्या कलेच्या इतिहासात तो वगळता येत नाही. १९४२ मध्ये आयकिदो हे नाव अधिकृतपणे नोंदले गेले. त्याच वर्षी ते तोक्यो सोडून इवामा या गावी शेती करू लागले.

परिभाषा

उएशिबांचा डावांना ठाम नावे देण्याकडे कल नव्हता; डाव दाखवून ते पुढच्या डावाकडे वळत. आजची शिस्तबद्ध नामावली मुख्यतः त्यांचे पुत्र किश्शोमारू आणि शिष्यांनी घडवली. पकडीच्या पहिल्या डावाला आयकिकाई संस्थेत इक्क्यो म्हणतात, तर शिओदा गोझो यांच्या योशिनकान शाखेत इक्काजो हे जुने नाव टिकून आहे.

मराठी कुस्तीतील धोबीपछाड किंवा मोळी ही नावे चित्रमय आहेत. आयकिदोची नावे बहुधा कृती सांगतात. कताते-दोरी शिहो-नागे म्हणजे एका हाताने मनगट धरले असता चार दिशांचा फेक-डाव. कोते-गाएशी म्हणजे मनगट उलटवणे. इरिमी म्हणजे हल्ल्याच्या आत शिरणे, तेनकान म्हणजे वळून बाजूला होणे. डाव करणारा तो नागे. डाव स्वीकारणारा तो उके, आणि सुरक्षित पडण्याची कला ती उकेमी. नवशिक्याला तीच आधी शिकावी लागते. कामाए या शब्दाला मराठीत पवित्रा हा चपखल पर्याय आहे. डोजोला मात्र तालीम म्हणून भागत नाही, कारण त्यामागे बोधिमंड, म्हणजे बुद्धाला बोध झाला ती जागा, या संस्कृत शब्दाचे भाषांतर आहे. उएशिबांच्या श्वाससाधनेतील आ-उन् हे ध्वनीही मूळचे संस्कृत. जपानी अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, का-कि-कु हा क्रमही वर्णमालेवरून आला.

जपानी शब्द भाषांतर न करता वापरण्याची पद्धत मराठी वाचकांना औद्योगिक क्षेत्रामुळे परिचित आहे. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत कायझेन, सेइरी, सेइतोन हे शब्द रूढ आहेत. तेथे सेइरी म्हणजे नको असलेल्या वस्तू वेगळ्या काढणे, हे कामगाराला कोशात पाहावे लागत नाही. आयकिदोतही शब्दाचा अर्थ असाच सरावातून कळतो, आणि भाषा न जुळणारे दोघेजण एकत्र सराव करू शकतात.

अखेरची वर्षे

महायुद्धानंतर जपानमध्ये युद्धकलांवर निर्बंध आले. १९४८ मध्ये आयकिकाई संस्थेला मान्यता मिळाली आणि शिक्षणाची जबाबदारी हळूहळू किश्शोमारूंकडे गेली. १९६१ मध्ये उएशिबांनी हवाईचा दौरा केला. २६ एप्रिल १९६९ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी हात्सू यांचेही निधन झाले.