तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी

संगणकाच्या जगात ज्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही पारिभाषिक शब्द होऊन बसली असे पुरुष विरळाच. हास्केल ब्रूक्स करी हे त्यांपैकी एक होत. आपल्या भाषेत 'करी' हे क्रियापद आहे, आणि ह्या गृहस्थांचे आयुष्य गणितातील क्रियांच्या, म्हणजे फलनांच्या, चिंतनात गेले. हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

त्यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मिलिस ह्या गावी झाला. आईवडील बॉस्टन येथे वक्तृत्वाचे विद्यालय चालवीत. १९१६ साली हास्केल वैद्यक शिकण्याच्या हेतूने हार्वर्ड विद्यापीठात गेले. परंतु अमेरिका महायुद्धात उतरताच त्यांनी गणित घेतले. १९२० साली पदवी मिळाल्यावर विद्युत्-अभियांत्रिकी, मग पदार्थविज्ञान आणि शेवटी पुन्हा गणित असा त्यांचा प्रवास झाला. इतक्या शाखा बदलणाऱ्या मुलास आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी काय म्हटले असते, ते सांगावयास नको!

व्हाइटहेड आणि रसेल यांचा तर्कशास्त्रावरील महाग्रंथ वाचताना, सूत्रातील एका चलाच्या जागी दुसरे पद घालण्याची साधी वाटणारी कृती किती गुंतागुंतीची आहे हे त्यांच्या ध्यानी आले. चलांवाचूनच तर्कशास्त्र मांडता येईल काय, ह्या प्रश्नाने त्यांस झपाटले. पुढे कळले की, मोझेस शोनफिंकेल यांनी १९२४ सालीच तो मार्ग चोखाळला होता. करी खट्टू झाले नाहीत. १९२८ साली ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले, हिल्बर्ट यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला, आणि १९२९ पासून १९६६ पर्यंत पेनसिल्व्हेनियात अध्यापन केले.

१९३५ साली मोठा आघात झाला. क्लीनी आणि रॉसर ह्या दोन तरुणांनी दाखवून दिले की, करी यांनी उभारलेल्या तर्कपद्धतीत विसंगती आहे, म्हणजे तीत वाटेल ते सिद्ध होते! दुसरा एखादा खचला असता. करी यांनी त्या विसंगतीचाच अभ्यास आरंभिला, आणि १९४२ साली तिचे अधिक साधे रूप शोधून काढले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढील महायुद्धानंतर एनिॲक ह्या अवाढव्य गणकयंत्रावरही त्यांनी काम केले.

'करीइंग' ही युक्ती त्यांच्या नावाने रूढ झाली, जरी तिचे श्रेय शोनफिंकेल यांजकडे जाते. सरळव्याजाचे उदाहरण घेऊ. मुद्दल, दर आणि मुदत तिन्ही एकदम न देता प्रथम केवळ दर ५ टक्के दिला, तर उत्तराऐवजी एक नवे फलन हाती येते: ५ टक्क्यांचे व्याज काढणारे. मग त्यास मुदत द्यावी, आणि शेवटी प्रत्येक खातेदाराचे मुद्दल. येथे क्रमास महत्त्व आहे. क्वचित बदलणारे आधी, नेहमी बदलणारे शेवटी.

संकेतस्थळांसाठी फलनप्रधान भाषेत लिहिणाऱ्यास हा क्रम आजही अडवितो. ब्राउझरास १९९५ साली जन्मलेली जावास्क्रिप्ट समजते, म्हणून तिच्यातील तयार ग्रंथालयांतून निवड करावी लागते. अंडरस्कोर नावाच्या ग्रंथालयात माहिती प्रथम द्यावी लागते. रामडा नावाच्या ग्रंथालयात ती शेवटी येते, आणि फलने आपोआप टप्प्याटप्प्याने चालतात. दुसरी परीक्षा अशी की, फलन केवळ उत्तर देते, की गुपचूप पडद्यावरील पानही बदलते? बदलत असेल, तर त्यास वेगळ्या कुंपणात ठेवणे बरे. लोकप्रियता पाहून निवडणारे पुष्कळ असतात. आम्ही ह्या दोन परीक्षा आधी घेऊ.

करी यांचे निधन १ सप्टेंबर १९८२ रोजी झाले. १९८७ साली काही संशोधकांनी नवी फलनप्रधान भाषा रचण्याचे ठरविले, आणि तिला हास्केल हे नाव दिले. तिचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. २०२३ पासून तिच्या प्रमुख भाषांतरकास थेट जावास्क्रिप्टही निर्माण करता येते. नावासाठी दोघा संशोधकांनी श्रीमती करी यांची संमती मागितली, आणि त्यांपैकी एक त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी पाहुण्यांचे अगत्याने स्वागत केले, आणि निरोप देताना सांगितले की, यजमानांना हास्केल हे आपले नाव कधीच आवडले नव्हते.