वर फोटो, खाली मथळा: जाहिरातीची ही मांडणी आली कुठून?

वर मोठे छायाचित्र, त्याखाली मथळा, मथळ्याखाली मजकूर आणि उजव्या कोपऱ्यात कंपनीचे नाव. छापील जाहिरातीच्या या मांडणीला जाहिरातक्षेत्रात ऑगिल्वी लेआउट म्हणतात. ज्यांचे नाव तिला मिळाले, ते डेव्हिड ऑगिल्वी चित्रकार नव्हते, डिझायनरही नव्हते. ते मुळात फिरते विक्रेते होते.

शेगड्या विकणारा तरुण

१९११ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ऑगिल्वी यांनी ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडले. पॅरिसमधील हॉटेल मॅजेस्टिकच्या स्वयंपाकघरात काम केले, मग स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकल्या. १९३८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि जॉर्ज गॅलप यांच्या संशोधन संस्थेत रुजू झाले. वाचक वर्तमानपत्रात नेमके काय वाचतात, याची मोजणी गॅलप आधीपासून करत होते. ऑगिल्वी यांच्याकडे काम आले ते सिनेमाच्या प्रेक्षकांचे, पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय त्यांना इथेच लागली. पुढे युद्धकाळात ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी, काही काळ पेनसिल्व्हेनियात शेती आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची जाहिरात कंपनी.

मांडणीमागचे गणित काय?

नजर आधी चित्रावर जाते, मग मथळ्यावर, मग मजकुरावर. म्हणून घटकांचा क्रमही तोच ठेवायचा, असा त्यांचा साधा हिशेब. मथळा चित्राच्या वर टाकला की वाचकाला उलटा प्रवास करावा लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दिसायला झोकदार, पण वाचायला त्रासदायक. म्हणून त्यांना सक्त विरोध. मजकूर अरुंद रकान्यांत, पहिले अक्षर मोठे. फोटोखालची ओळ मजकुरापेक्षा जास्त लोक वाचतात, मग ती जागा रिकामी का सोडायची? थोडक्यात, जाहिरात नियतकालिकातल्या लेखासारखी दिसली पाहिजे.

१९५१ मध्ये हॅथवे शर्टच्या जाहिरातीत त्यांनी मॉडेलच्या एका डोळ्यावर काळी पट्टी बांधली. या माणसाला झाले तरी काय, या कुतूहलाने वाचक खालच्या मजकुरापर्यंत पोहोचायचा. कंपनी छोटी, बजेट तुटपुंजे. तरी शर्टाचे नाव अमेरिकाभर झाले. १९५८ च्या रोल्स-रॉइसच्या जाहिरातीत तर सहाशेहून अधिक शब्द होते. ताशी ६० मैल वेगात गाडीतला सर्वात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिच्या मथळ्याचा आशय. हे निरीक्षणही ऑगिल्वी यांचे नव्हे, एका मोटार नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचे. गाडीविषयी तीन आठवडे वाचताना ते त्यांच्या हाती लागले.

नियम सर्वांना पटले का?

नाही. न्यूयॉर्कमधलेच त्यांचे प्रतिस्पर्धी बिल बर्नबॅक जाहिरातीला शास्त्र नव्हे, कला मानत. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता: सगळ्यांनी एकच साचा वापरला, तर वाचक थांबणार कशावर? स्वतः ऑगिल्वी यांनी मात्र १९८३ च्या पुस्तकातही मांडणीचे हे नियम ठामपणे मांडले. १९९९ मध्ये फ्रान्समधील तूफू येथील आपल्या गढीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच कंपनीच्या मुंबई कार्यालयाने पुढे फेविकॉलची माणसांनी खच्चून भरलेल्या बसची टीव्ही जाहिरात केली. तिच्यात संवादच नाही.