आगगाडींत मिळालेलें पुस्तक
(रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा चरित्रपरिचय)

आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्याला लागूनच नागपूरचें रेल्वे स्टेशन आहे. तेथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या गोंदिया व डोंगरगड मागें टाकून राजनांदगांवास पोंचतात. १८९३ सालीं या मार्गानें एक तिशी ओलांडलेला ब्राह्मण गृहस्थ नोकरीच्या शोधार्थ प्रवास करीत होता. डब्यांत एक युरोपियन प्रवासी बसला होता. त्यानें आदरानें सरकून या गृहस्थास जागा करून दिली. बोलणें निघालें तें संस्कृत काव्याचें. हळूहळू तें धर्माकडे वळलें. निरोप घेतांना त्या प्रवाशानें नव्या कराराची एक प्रत त्याच्या हातीं ठेविली, ती मनापासून अभ्यासावी अशी विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ताचे शिष्य व्हाल असें भाकितही करून ठेविलें. तो प्रवासी कोण होता हें त्या गृहस्थास त्या वेळीं कळलें नाहीं. गृहस्थाचें नांव मात्र पुढें सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालें. तेच कवि नारायण वामन टिळक.

विद्यार्थी मित्रहो, मुलांनीं कोणतीं पुस्तकें वाचावीं, असा प्रश्न तुमचे पालक शिक्षकांस वारंवार विचारीत असतात. त्याच्या उत्तरादाखल दहा-वीस नांवांची यादी सहज देतां येईल. परंतु यादी खिशांत असून मनुष्य जसाचा तसा राहिला, असें आपण नेहमींच पाहतों. म्हणून यादीऐवजीं एका वाचकाचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

टिळकांचा जन्म १८६१ च्या डिसेंबर महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकर असून स्वभावानें अत्यंत कडक होते. आई जानकीबाई यांचा स्वभाव याच्या अगदीं उलट. काव्याची गोडी टिळकांस मिळाली ती आईकडून. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतांच ती माउली निवर्तली, आणि घराशीं असलेला त्याचा धागा जणूं तुटला. तो नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्याला संस्कृताचें शिक्षण लाभलें. शिकण्याची भूक मोठी, परंतु पोटाची अडचणही तितकीच मोठी. इंग्रजी शाळेंतील अभ्यास लवकरच सोडावा लागला. शिक्षण अपुरें राहिल्याची सबब आपल्यांपैकीं पुष्कळजण जन्मभर सांगतात. टिळकांनीं ती सांगितली नाहीं. शाळा सुटली तरी पुस्तक सुटलें नाहीं.

नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखले यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. याच लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळीं त्या अवघ्या बारा वर्षांच्या आंतबाहेर होत्या व त्यांस अक्षरओळखही नव्हती. पुढें टिळकांनींच त्यांस वाचावयास शिकविलें. संसार मात्र एका जागीं कधीं स्थिरावला नाहीं. आज या गांवीं मास्तर, उद्यां त्या गांवीं पुराणिक, परवां तिसरीकडे कीर्तनकार, असा टिळकांचा क्रम चाले. रागाच्या भरांत ते घर सोडून जात, हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळे होत, आणि घरीं तांदूळ नाहींत हें त्यांच्या ध्यानींही येत नसे. थोर पुरुषांच्या चरित्रांतून असले दोष गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. ती बरी नव्हे. ज्याला चारित्र्य घडवावयाचें आहे त्यानें तें कोणत्या मातीपासून घडलें हें आधीं पाहिलें पाहिजे.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरांत आले. येथील धनिक व विद्याप्रेमी गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांनीं संस्कृत ग्रंथांच्या कामासाठीं त्यांस आपल्याकडे ठेवून घेतलें होतें. जुन्या ग्रंथांचा संग्रह हाताशीं, आश्रयदाता उदार, आणि दिवसभर वाचन व लेखन. विद्वानास याहून अधिक काय पाहिजे? याच सुमारास हिंदु धर्मग्रंथांचें विवेचन करणारें ‘ऋषि’ नांवाचें एक मासिकही त्यांनीं चालविलें. असें असूनही त्यांचें समाधान होईना. जातिभेदानें देश दुभंगलेला त्यांस दिसत होता व तो एक कसा होईल याचा त्यांस घोर लागला होता. देव एक, सर्व माणसें भावंडें, अशा पायावर आपणच एखादा नवा धर्म स्थापावा असेही विचार त्यांच्या मनांत घोळूं लागले होते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें नागपुरास आले. शाळा चालवीत, भूगर्भाचे व गोंड लोकांच्या भाषेचे संशोधन करीत त्यांनीं येथें अठरा वर्षें काढिलीं, आणि १८६३ मध्यें पुरांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ पासून येथें चालू होतें. म्हणजे टिळक नागपुरांत असतांना ख्रिस्ती शिक्षणाची एक मोठी संस्था त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरीही त्यांच्या हातीं तें पुस्तक पडलें तें आगगाडींत, एका अनोळखी माणसाकडून, आणि तेंही त्यानें आधीं बसावयास जागा दिली म्हणून. बांकावर सरकून बसण्याच्या त्या लहानशा सौजन्यावांचून पुढचें बोलणेंच झालें नसतें.

राजनांदगांवास टिळकांस संस्थानांत नोकरी मिळाली. तेथें त्यांनीं तें पुस्तक उघडलें. वाचतांना प्रथम त्यांस तें फारसें रुचलें नाहीं, परंतु वचन दिलें होतें. तें मोडणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. लक्षांत ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करीत ते पुढें चालले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. तेथून त्यांस पुढें जातां येईना. शत्रूवर प्रीति करावी, उजव्या हातानें दिलेलें दान डाव्या हातास कळूं नये, उद्यांची चिंता करूं नये, या शिकवणीनें त्यांचें मन भारून गेलें. जे प्रश्न ते वर्षानुवर्षें पंडितांस विचारीत आले होते, त्यांची उत्तरें त्यांस त्या तीन अध्यायांत सांपडूं लागलीं.

त्यांच्या वाचनाची ही रीत पाहण्याजोगी आहे. हातांत पेन्सिल, मनांत खरा प्रश्न, आणि न आवडणारें पान आलें तरी पुढें जाण्याचा निश्चय. वाचून झाल्यावर त्यांनीं लगेच कोणताही निर्णय घेतला नाहीं. इतर ग्रंथ मिळविले, आक्षेप काढले, नांव न कळवितां मुंबईच्या मिशनरी मंडळींशीं पत्रव्यवहार केला, आणि शंका उरेनाशी होईपर्यंत वाद घातला. शंका विचारणाऱ्या मुलास श्रद्धाहीन ठरविण्याची घाई पालकांनीं करूं नये, हें टिळकांच्या उदाहरणावरून दिसतें.

अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आगगाडींतील त्या गृहस्थाचें भाकीत असें जवळजवळ शब्दशः खरें ठरलें. परंतु या वाचनाची किंमत एकट्या टिळकांनीं भरली नाहीं. लक्ष्मीबाईंस आधीं कांहींही कल्पना न देतां त्यांनीं हें पाऊल टाकिलें. त्या बाईवर आकाश कोसळलें. लहानग्या दत्तूला उराशीं धरून त्या माहेरच्या व आप्तांच्या आधारानें राहिल्या. पांच वर्षांच्या जवळपास नवरा-बायकोची ताटातूट झाली. सत्य दिसल्यावर त्याच्यामागें जाणें हें टिळकांचें धैर्य खरेंच. परंतु जिच्या आयुष्याचा प्रश्न तितकाच गुंतला होता, तिला विश्वासांत न घेणें हा अन्याय होता, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. टिळकांचा थोरपणा असा कीं, त्या काळांत त्यांनीं दुसरा विवाह मनांत आणिला नाहीं, पत्रें लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले, आणि वाट पाहिली. लक्ष्मीबाई आपल्या पावलांनीं परत आल्या. त्यानंतरही टिळकांनीं त्यांच्यावर धर्माची सक्ति केली नाहीं. सोंवळें-ओंवळें त्यांच्या मनांतून हळूहळू आपण होऊन गळालें, व १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या इच्छेनें बाप्तिस्मा घेतला.

पुढचीं वर्षें बहुतेक अहमदनगर व राहुरी या भागांत गेलीं. तो काळ दुष्काळाचा व प्लेगाचा होता. अनाथ मुलांनीं टिळकांचें घर भरून गेलें. घरांत आधींच तंगी; त्यांत परक्यांचीं पोरें आणून त्यांस आपलीं म्हणावयाचें. हें काम मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडलें व त्यांनीं तें हंसत-रुसत पार पाडिलें. वेदान्ताच्या चर्चेंत रात्री घालविणारा हा पंडित आतां आजाऱ्याच्या उशाशीं बसूं लागला. पूर्वींचा तामसी स्वभाव गेला असें नाहीं, पण त्यावर आवर आला, आणि राग ओसरल्यावर क्षमा मागण्यास त्यांस कधीं कमीपणा वाटेनासा झाला. डोंगरावरील प्रवचन पाठ करणें सोपें आहे; दुष्काळांतील एखादें खरजुलें पोर घरांत घेणें अवघड आहे. टिळकांचें चारित्र्य घडलें तें या दोन्हींच्या मिळणीनें. आपल्या मुलांस अशा संधि दूर जाऊन शोधाव्या लागत नाहींत. शेजारच्या निरक्षर पोराला रोज घटकाभर मुळाक्षरें शिकविणें, वसतिगृहांतील आजारी सोबत्यासाठीं रात्र जागणें, उपासनेच्या वेळीं पेटी किंवा तबला धरणें, हीं सर्व त्याच शाळेंतील कामें होत.

त्यांच्या घरीं राहून गेलेल्यांपैकीं एका तरुणाचें नांव त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच आपले बालकवि. या पोरसवदा कवीस टिळकांनीं आपल्या मुलाप्रमाणें वागविलें. त्याला धर्म बदलण्याची अट त्यांनीं घातली नाहीं. फुलामुलांचे कवि हें टिळकांस मिळालेलें बिरुद केवळ कवितेंत लागू नव्हतें, तें असें.

१९०४ मध्यें त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्या वेळीं पुष्कळशीं गीतें परदेशी चालींवर म्हणत. टिळकांनीं अभंग, ओवी, कीर्तन व भजन यांस उपासनेंत मानाचें स्थान दिलें, आणि शेकडों गीतें रचिलीं. ज्ञानेश्वर व तुकाराम यांस ते कधींच विसरले नाहींत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असा त्यांचा भाव होता. ख्रिस्ती झालों म्हणून मराठीपणा सोडावयाचा, ही कल्पना त्यांस मुळींच मान्य नव्हती. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. तेथेंही देशाविषयीं निर्भीडपणें लिहिण्यास ते कचरले नाहींत.

तेव्हां वाचनाचा प्रश्न पुन्हां निघालाच तर टिळकांच्या जीवनावरूनच सांगतां येईल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पांचवा, सहावा व सातवा हे तीन अध्याय प्रथम, आणि तेही सावकाश. त्यांच्याबरोबर तुकोबांची गाथा. टिळक ज्या वाटेनें आले ती वाट आपण कां टाळावी? टिळकांचे ‘अभंगांजलि’ व ‘वनवासी फूल’ हे ग्रंथ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींस कळतील असे आहेत. बनियनच्या ग्रंथाचें ‘यात्रिकक्रमण’ हें हरि केशवजींनीं केलेलें भाषांतर १८४१ मधलें. त्याची भाषा आज जुनी वाटेल, तरी घरांतील वडील माणसानें मोठ्यानें वाचून दाखविल्यास मुलें कान देऊन ऐकतात. एवढीं चार पुस्तकें एका वर्षांत नीट वाचून झालीं तरी पुष्कळ झालें.

१९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचें एक बंधुमंडळ उभारावें, असें त्यांनीं मनांत योजिलें होतें. त्याचें नांव त्यांनीं देवाचा दरबार असें ठेविलें. वयाची पंचावन्न वर्षें उलटलेलीं, प्रकृति ढासळलेली, आणि हातीं पुन्हां कांहीं नाहीं. तें कार्य मुळास लागण्यापूर्वींच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

त्यांनीं एक मोठें काम अर्धवट टाकिलें होतें. ख्रिस्ताचें समग्र चरित्र ओवीबद्ध करण्याच्या हेतूनें १९०९ मध्यें त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतलें. त्याचे सुमारें अकरा अध्याय झाले होते. ते पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. लग्नानंतर ज्यांनीं नवऱ्यापाशीं मुळाक्षरें गिरविलीं, त्या बाईनें उतारवयांत पुढचे चौसष्ट अध्याय रचिले. त्याच सुमारास, १९३४ पासून, त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राचे भाग प्रसिद्ध होऊं लागले. वर दिलेल्या चार पुस्तकांत त्याचें नांव आलें नाहीं याचें कारण इतकेंच कीं, तें कोणी सांगावें लागत नाहीं. एकदां घरांत आलें म्हणजे आई, मुलें व आजी त्यासाठीं भांडतात. त्यांत टिळकांचा विसराळूपणा, राग, भोळेपणा व माया यांपैकीं कांहींही झांकलेलें नाहीं, आणि वाचणारा हंसतां हंसतां डोळे पुसतो. १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाई वारल्या. तेव्हां ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. तो त्यांच्या दत्तूनें, म्हणजे देवदत्त नारायण टिळक यांनीं, लिहून पुरा केला, आणि १९३८ मध्यें ग्रंथ छापून बाहेर पडला.