कॉर्नेलियाबाई सोराबजी

या बाईंचा पंथ आपला नव्हे. तरी आपल्या मुलींस त्यांचें चरित्र ठाऊक असावें, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देतों. इ. स. १८६६ सालीं नाशिक येथें एका पारशी ख्रिस्ती कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परंतु विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति, केवळ स्त्री म्हणून, त्यांस नाकारण्यांत आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदि हितचिंतकांनीं पैसा उभारला, तेव्हां त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजांत गेल्या. १८९२ सालीं तेथील कायद्याची उच्च परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हातीं आली तीस वर्षांनीं, १९२२ सालीं!

परपुरुष वकिलापुढें येतां न येणाऱ्या पडदानशीन विधवांची मालमत्ता आप्तच गिळीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीनें बाईंनीं अशा शेंकडों स्त्रियांचे व पोरक्या मुलांचे हक्क राखले. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं केलेला विरोध आम्हांस पटत नाहीं. पण म्हणून हें काम लहान ठरत नाहीं. १९५४ सालीं त्या लंडन येथें निवर्तल्या. पुढें सॉमरव्हिल कॉलेजानें कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांच्या नांवें शिष्यवृत्ति ठेविली.