किलडेअरची संत ब्रिजिड

१ फेब्रुवारी हा आयर्लंडच्या संत ब्रिजिड हिचा सण. दासीच्या पोटी जन्मलेल्या ब्रिजिडने वडिलांची मौल्यवान तलवार गरिबाला देऊन टाकली आणि पुढे ओक वृक्षाखाली मठ उभारला, अशी परंपरा आहे. किलडेअर या नावाचा अर्थच ओकचे चर्च. सुमारे ५२५ साली ती प्रभूघरी गेली.

प्राचीन आयरिश लोक ब्रिजिड नावाची देवीही मानत. याच सुमारास, मेंढ्यांना दूध येऊ लागले की, त्यांचा वसंताचा सण असे. संतचरित्रात देवीकथा किती मिसळल्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आम्ही त्याने गोंधळून जात नाही. तिथे शुभवर्तमान रुजले ते झाडाचे नाव राखून. तिच्या नावाच्या विहिरींवर भाविक आजही प्रार्थना करतात. झाड-पाणी जपणे हीदेखील तिची भक्तीच!